बटाट्याच्या करप्याचा ‘ब्ल्यू १३’ वंश : मेटालॅक्झिल कोणापुढे हरले?

२००५ साली ब्रिटनमधल्या बटाट्याच्या शेतांतून करपलेली पाने तपासणीला आली, तेव्हा त्यांत एक अनोळखी जनुकीय ठसा सापडला. आदल्याच वर्षी तो नेदरलँड्स आणि जर्मनीत दिसला होता. त्यानंतर तीन वर्षे पुरी व्हायच्या आत ब्रिटनमधल्या करप्यात या एकट्या वंशाचा वाटा ७५ टक्क्यांच्या पुढे गेला. शास्त्रज्ञांच्या नोंदीत त्याचे नाव १३-ए२. शेतकरी आणि सल्लागार मात्र नकाशावरच्या त्याच्या रंगावरून त्याला ‘ब्ल्यू १३’ म्हणू लागले.

या वंशावर मेटालॅक्झिल चालत नव्हते. करप्यावरचे पहिले खरे आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरून आतून काम करणारे, औषध म्हणून ज्याच्यावर एक पिढी विसंबली होती, तेच हे औषध. हे प्रकरण निवडले त्याचे कारण असे की, प्रतिकारक्षमतेबद्दलचा आपला नेहमीचा समज इथे अपुरा पडतो. ‘एकच औषध सारखे मारले की रोगाला त्याची सवय होते’ असे आपण म्हणतो. पण रोगाला सवय होत नाही. औषध न लागणारा एखादा वंश आधीच कुठेतरी असतो, तो पुढे सरकतो आणि बाकीच्यांची जागा घेतो. त्यामुळे औषधाइतकेच लक्ष वंशावरही ठेवावे लागते, आणि आपल्याकडे नेमके तेच होत नाही.

बुरशी नसलेली बुरशी

बटाट्याचा उशिरा येणारा करपा फायटोप्थोरा इन्फेस्टन्समुळे होतो. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बॅरी यांनी १८७६ मध्ये दिले. १८४५ पासूनच्या आयर्लंडच्या दुष्काळात पीक बुडवणारा रोग हाच. त्या काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली.

आपण याला सोयीसाठी बुरशी म्हणतो, पण हा खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. हा ऊमायसीट, म्हणजे शैवालांच्या नात्यातला जीव. त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजसारख्या पदार्थांची असते, बुरशीसारखी कायटिनची नसते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. कार्बेन्डाझिम किंवा ट्रायझोल गटातली औषधे बुरशीच्या ज्या यंत्रणांवर घाव घालतात, तो घाव इथे लागतच नाही. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचे मिश्रण करप्यावर मारले आणि थोडा फरक दिसला, तर तो मॅन्कोझेबमुळे. उरलेल्या अर्ध्या औषधाचे पैसे वाया गेलेले असतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट प्रजननाची. या जीवात ए-१ आणि ए-२ असे दोन प्रजनन गट आहेत. दोन्ही एकत्र आले तर लैंगिक संकर होतो आणि जाड कवचाचे ऊस्पोर तयार होतात, जे जमिनीत वर्षानुवर्षे टिकू शकतात. एकच गट असेल तर वाढ फक्त अलैंगिक, म्हणजे हुबेहूब नकला. हवा थंड आणि दमट असेल तर चार-पाच दिवसांत पानावरच्या डागातून पुढची पिढी वाऱ्यावर निघते. अशा नकलांच्या एका साखळीला वंश म्हणतात. विसाव्या शतकाचा बराच काळ मेक्सिकोबाहेर फक्त ए-१ गट माहीत होता. युरोपात ए-२ सापडल्याची नोंद १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधून झाली. १९७६ च्या दुष्काळात युरोपातले बटाट्याचे पीक पडले आणि मेक्सिकोतून बटाटा आयात झाला, त्याच्याबरोबर ए-२ आला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

१९८० चा उन्हाळा

ब्ल्यू १३ कडे वळण्याआधी मेटालॅक्झिलच्या पहिल्या पराभवाची माहिती हवी. फेनिलअमाइड गटातले हे औषध १९७० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आले. त्याआधी शेतकऱ्याच्या हातात मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधे होती. ती फक्त पानाच्या पृष्ठभागावर राहतात आणि पावसाने धुऊन जातात. मेटालॅक्झिल पानात शिरते, रसाबरोबर वर चढते, नव्या फुटीचेही रक्षण करते आणि लागण झाल्यावर मारले तरी काम करते. आतमध्ये ते रोगाच्या आरएनए पॉलिमरेज-१ या एंजाइमला अडवते. त्यामुळे रायबोसोमचे, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्राचे, आरएनए बनत नाही, आणि त्याविना प्रथिने बनणे थांबते.

एकाच एंजाइमवर असा नेमका घाव घालणे हेच या औषधाचे सामर्थ्य आणि हीच त्याची कमजोरी. त्या एंजाइमच्या जनुकात एका जागी बदल झाला तरी औषधाची पकड सुटू शकते. असा एक बदल २०१४ मध्ये नेमका ओळखला गेला. एंजाइमच्या मोठ्या उपघटकात ३८२ व्या स्थानावर टायरोसिन या अमायनो आम्लाऐवजी फेनिलॲलनिन आलेले होते. मात्र सगळ्या प्रतिकारक वंशांत हाच बदल सापडत नाही. रोगाने सुटकेचे एकाहून जास्त मार्ग काढले आहेत.

१९८० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये मेटालॅक्झिल मारलेल्या शेतांतही करपा पसरला. दोन्ही देशांत शेतातून घेतलेल्या नमुन्यांत प्रतिकारक स्ट्रेन सापडले आणि एकट्या मेटालॅक्झिलचे उत्पादन बटाट्यासाठी बाजारातून काढून घ्यावे लागले. ब्रिटनमध्ये तेच औषध पहिल्यापासून मॅन्कोझेबबरोबर मिश्रणातच विकले जात होते. तिथेही प्रतिकारक स्ट्रेन आले, पण हळूहळू, आणि एका हंगामात सगळे कोसळले असे झाले नाही. शेजारी देश, हवामान जवळपास सारखे, पीक तेच, औषध तेच. फरक फक्त वापराच्या पद्धतीचा. शेतीशास्त्रात इतका स्वच्छ तुलनात्मक अनुभव सहसा मिळत नाही. फेनिलअमाइडच्या वापराचे आजचे नियम याच अनुभवातून आले आहेत : एकटे मारायचे नाही, स्पर्शजन्य औषधाबरोबरच मारायचे, रोग दिसण्याआधी मारायचे, पीक जोमाने वाढत असतानाच्या मोजक्या फवारण्यांपुरतेच ठेवायचे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे या नियमांवर बरी गेली. प्रतिकारक आणि संवेदनशील असे दोन्ही प्रकार शेतात होते, त्यांचे प्रमाण वर-खाली होत राही. बऱ्याच ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला संवेदनशील वंश पुन्हा पुढे आलेले दिसत. मिश्रणातले मेटालॅक्झिल म्हणून काही प्रमाणात उपयोगी राहिले.

नमुने पाठवणाऱ्यांची साखळी

ब्ल्यू १३ इतक्या लवकर ओळखता आला, कारण ब्रिटनमध्ये २००३ पासून करप्याच्या नमुन्यांची देशव्यापी मोहीम सुरू होती. शेतकरी, सल्लागार आणि निविष्ठा कंपन्यांची माणसे शेतात करपा दिसला की डाग असलेली पाने पाठवत. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ असलेली संशोधन संस्था, जी २०११ पासून जेम्स हटन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, त्यांची जनुकीय तपासणी करी. ही तपासणी एसएसआर खुणांवर चालते. जनुकसंचात काही ठिकाणी डीएनएच्या दोन-चार अक्षरांचा तुकडा पुन:पुन्हा येतो आणि तो किती वेळा येतो हे प्रत्येक वंशात वेगळे असते. अशा डझनभर ठिकाणांची मोजणी केली की वंशाची ओळख पक्की होते.

या कामाचे मला विशेष मोल वाटते. महागडी यंत्रे प्रयोगशाळेत होती हे खरे, पण खरा आधार होता पावसात शेतात वाकून डाग शोधणाऱ्या आणि पाकीट टपालात टाकणाऱ्या शेकडो माणसांचा. ती साखळी नसती, तर २००७ च्या ओल्या उन्हाळ्यात औषध का चालेना याचे उत्तर कित्येक वर्षे मिळाले नसते.

२००७ आणि २००८ हे दोन्ही हंगाम पावसाळी गेले आणि करप्याला मोकळे रान मिळाले. नव्वदच्या दशकातल्या सर्वेक्षणांत ब्रिटनमध्ये ए-२ गट क्वचितच सापडे. आता बहुतेक नमुने ए-२ निघू लागले. ए-१ आणि ए-२ एकत्र आले म्हणजे संकर होऊन शेकडो नवे प्रकार येतील, अशी त्या वेळी धास्ती होती. ब्रिटनमध्ये तसे झाले नाही. संकराच्या खुणा फार थोड्या मिळाल्या आणि एकच अलैंगिक वंश सगळीकडे पसरला. नॉर्डिक देशांत मात्र ऊस्पोरमधून उगवणारा करपा हा आजही मोठा प्रश्न आहे, आणि तिथल्या नमुन्यांत वैविध्यही बरेच जास्त दिसते.

हा वंश इतका जोरकस का होता

औषध लागत नव्हते म्हणून ब्ल्यू १३ जिंकला, असे उत्तर देऊन थांबता येते. पण १९८० पासून युरोपात औषधाला न जुमानणारे स्ट्रेन होतेच. ते असे देशभर पसरले नव्हते. म्हणून या वंशाजवळ आणखी काय होते हे पाहावे लागते.

२०१२ मध्ये डंडीच्या संस्थेतील डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वंशाचा सविस्तर जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. लागवडीखालच्या वाणांवर चाचण्या घेतल्या तेव्हा १३-ए२ सर्वांत आक्रमक वंशांमध्ये गणला गेला. शेतातल्या स्पर्धेत इतर आक्रमक वंशांनाही त्याने मागे टाकले. ‘स्टर्लिंग’ या वाणाने तोवर करप्याला चांगला प्रतिकार केला होता, तोही याच्यापुढे टिकला नाही.

याचे मूळ जनुकसंचाच्या रचनेत आहे. फायटोप्थोरा इन्फेस्टन्सचा जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला. तो सुमारे २४ कोटी अक्षरांचा निघाला आणि त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग पुनरावृत्तीचा. रोजच्या जगण्याला लागणारी जनुके दाटीवाटीने एकत्र बसलेली असतात. झाडाच्या पेशीत सोडून तिची संरक्षणयंत्रणा निकामी करणाऱ्या इफेक्टर प्रथिनांची जनुके मात्र विरळ, पुनरावृत्तीने भरलेल्या भागांत विखुरलेली असतात. त्या भागांत तुकडे गळणे, दुप्पट होणे, सरकणे हे प्रकार वारंवार होतात. म्हणजे जिथे बदल जिवावर बेतेल तिथे रचना स्थिर आणि जिथे बदल फायद्याचा ठरू शकतो तिथे सतत उलथापालथ. नकला करत वाढणारा वंशही त्यामुळे गोठलेला राहत नाही.

ब्ल्यू १३ मध्ये नेमकी इफेक्टर जनुकांतच मोठी उलथापालथ दिसली. काही जनुके नाहीशी झाली होती, काहींच्या प्रती वाढल्या होत्या, काहींची अक्षरे बदलली होती, काही वेगळ्या वेळी चालू-बंद होत होती. हा वंश झाडाच्या जिवंत पेशींत इतरांपेक्षा जास्त काळ गुपचूप वाढतो आणि मग पेशी मारतो. शेतकऱ्याला डाग दिसतो तेव्हा रोग आत बराच पसरलेला असतो. त्यातून हा वंश त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच. मेक्सिकोत लैंगिक प्रजननाने वाढणारा करपा साधारणपणे द्विगुणित असतो. जगभर पसरलेले बरेच अलैंगिक वंश मात्र त्रिगुणित निघाले आहेत.

त्याच अभ्यासात एक दिलासादायक गोष्टही सापडली. रानटी बटाट्यांपासून मिळालेली काही प्रतिकारक जनुके ज्या इफेक्टरांना ओळखतात, ते इफेक्टर ब्ल्यू १३ मध्ये शाबूत होते आणि लागणीच्या वेळी चालूही होत होते. ती जनुके असलेली झाडे या वंशाला थोपवू शकतात. एखाद्या वंशाचा जनुकसंच वाचून पैदासकाराला ‘या वाटेने जा’ असे सांगता आले, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता औषधाकडे परत. प्रतिकारक्षमता ही ब्ल्यू १३ च्या गुणांपैकी एक होती. हंगामाच्या सुरुवातीला फेनिलअमाइडची फवारणी झाली की संवेदनशील वंश मागे पडत आणि मोकळी जागा याला मिळे. पण ती जागा त्याने राखली ती आक्रमकतेच्या जोरावर. आधीचे प्रतिकारक स्ट्रेन टिकण्यात कमी पडत, हा कमी पडला नाही. औषधाला दाद न देणे आणि दमदार वाढ हे दोन्ही गुण एकाच वंशात जुळून आले, आणि अलैंगिक वाढीत असे जुळलेले गुण सुटे होत नाहीत. या प्रकरणाचे मर्म मला इथे दिसते.

पुढे काय झाले

माहिती हाती येताच ब्रिटनमधल्या सल्लागारांनी फेनिलअमाइडवरचा भरवसा काढून घेतला आणि त्याचा वापर झपाट्याने घटला. बाकी गटांची औषधे आलटून-पालटून वापरली गेली. २०११-१२ च्या सुमारास ६-ए१ हा दुसरा वंश, ‘पिंक ६’, ब्रिटनमध्ये वरचढ झाला. २०१२ च्या अतिपावसाच्या हंगामात तोच मुख्य होता. हा वंशही आक्रमक, पण मेटालॅक्झिलला संवेदनशील! औषधाचा दाब उठला तेव्हा प्रतिकारक्षमतेला किंमत उरली नाही, आणि तुल्यबळ पण औषध लागणारा प्रतिस्पर्धी पुढे गेला.

हवामानावरून दिल्या जाणाऱ्या धोक्याच्या इशाऱ्यातही बदल झाला. ब्रिटनमध्ये १९५६ पासूनचा नियम असा होता : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली नाही आणि रोज किमान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त. नव्या वंशांच्या काळातली आकडेवारी तपासून २०१७ मध्ये ही आर्द्रतेची अट ११ वरून ६ तासांवर आणली गेली.

भारतात

ब्ल्यू १३ युरोपात थांबला नाही. कर्नाटक आणि आसपासच्या भागात २००९-१० च्या सुमारास टोमॅटोवर करप्याचे जबर उद्रेक झाले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत केलेल्या अभ्यासात ते १३-ए२ चे काम असल्याचे निघाले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०१५ च्या अभ्यासात दक्षिण भारतातल्या बटाट्यावरही हाच वंश दिसला. इथेही तो मेटालॅक्झिलला दाद देत नव्हता आणि जुन्या वंशांची जागा घेत होता. पूर्व भारतातल्या उद्रेकांवर २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात याच वंशाचे कितीतरी उपप्रकार आढळले. म्हणजे इथे आल्यावरही तो बदलतच राहिला.

पुणे जिल्ह्याच्या संदर्भात याकडे मी काळजीने पाहतो. आंबेगावच्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा, शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटो. दोन्ही पिकांवर तोच रोग. पावसाळ्यातली थंड, धुक्याची हवा त्याला मानवणारी. बियाण्याचा बटाटा पंजाबकडून येतो, आणि कंदातली लागण वरून दिसतेच असे नाही. दुकानात मेटालॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण सर्रास मिळते. करपा वाढला की तेच मारले जाते, उतरला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा मारले जाते, आणि तरीही उतरला नाही तर औषध बोगस निघाले म्हणून दुकानदाराशी वाद होतो.

प्रयोगशाळेतली चाचणी इथे उपयोगी पडते. दर लिटरला १०० मिलिग्रॅम मेटालॅक्झिल असलेल्या द्रावणावर पानाच्या चकत्या तरंगत ठेवतात आणि त्यांवर करपा सोडतात. प्रतिकारक वंश तेवढ्या औषधातही वाढतो आणि बीजाणू धरतो. अशा वंशावर मात्रा दीडपट-दुप्पट करून खर्च वाढतो, जमिनीत आणि मालात औषध जास्त जाते, पण रोग हटत नाही. मिश्रणाने जो परिणाम दिसतो तो मॅन्कोझेबचा, आणि मॅन्कोझेब फक्त लागण होण्याआधी काम करते. डाग दिसल्यावर धावपळीने मारलेल्या या मिश्रणाचा म्हणून उपयोग होत नाही. ढगाळ, दमट हवा बसली की आधी मॅन्कोझेब, आणि पुढे आंतरप्रवाही औषध लागलेच तर सायमोक्झॅनिल किंवा डायमेथोमॉर्फसारख्या वेगळ्या गटातले, तेही जोडीला स्पर्शजन्य औषध घेऊन, हा क्रम जास्त शहाणपणाचा आहे.

पण वेगळ्या गटातली औषधेही कायमची सुरक्षित नाहीत. फ्लुअझिनाम या औषधाला दाद न देणारा ३७-ए२ हा वंश २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडला आणि काही वर्षांत ब्रिटनमध्येही पोचला. औषधाचा वापर आवरल्यावर त्याचा वाटा उतरला. ४३-ए१ हा वंश २०१८ मध्ये डेन्मार्कमध्ये दिसला आणि त्याच्यावर पुढे मँडीप्रोपॅमिड हे औषध चालेना. सेल्युलोज बनवणाऱ्या प्रथिनात एका जागी ग्लायसिनच्या ऐवजी सेरिन आले होते. मँडीप्रोपॅमिडच्या गटातले डायमेथोमॉर्फ करप्यावर काही दशके बिनतक्रार चालले होते, म्हणून या गटाचा धोका कमी मानला जाई. आता तसे मानता येत नाही, आणि वर सुचवलेल्या क्रमातले डायमेथोमॉर्फही याच गटातले आहे.

युरोपात हे बदल एक-दोन हंगामांत कळतात, कारण नमुन्यांची साखळी चालू आहे. तसे काम पठारावर सुरू करायला फार साधने लागत नाहीत. ताजा, एकच डाग असलेले पान निवडायचे, ज्याच्या खालच्या बाजूला डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. डागाच्या कडेचा तुकडा डीएनए जतन करणाऱ्या खास कागदी कार्डावर दाबायचा आणि कार्ड सावलीत वाळवायचे. गाव, पीक, वाण, तारीख आणि त्याआधी मारलेली औषधे एवढे लिहायचे. वाळलेले कार्ड साध्या टपालाने जाते, त्यातला रोग मेलेला असल्याने वाटेत तो पसरत नाही आणि तपासणीपुरता डीएनए टिकून राहतो. एका पठारावरून हंगामात वीस-पंचवीस कार्डे गेली, तरी तिथे कोणता वंश आहे आणि दुकानातले कोणते औषध त्याच्यावर वाया जाते आहे, हे पुढच्या लागवडीआधी सांगता येईल.